निळ्या कोटासाठी न थांबणारी गाडी

धाकट्या जाऊबाईचं मनगट मोडलं ते औषधांच्या गाडीने, आणि खापर मात्र तिच्याच डोक्यावर फुटणार होतं.

आम्ही दोघी इस्पितळाच्या धुलाईखात्यात. ती मळक्या चादरींची ढकलगाडी खाली आणते, मी धुतलेल्या वर नेते. त्याच बोळातून औषधं वाटणारी यंत्रगाडी फिरते. तिला चालवायला माणूस लागत नाही. समोरचा काय करेल याचा अंदाज ती घेते आणि रोजच्या अनुभवातून शिकते, असं आम्हाला सांगितलेलं. परवा जावेच्या ढकलगाडीचं चाक फरशीच्या फटीत अडकलं. यंत्रगाडी समोरून आली ती आलीच. ब्रेक लागला, पण उशिरा.

खात्याच्या साहेबांनी कागद पुढे केला. निष्काळजीपणा माझा, असं त्यावर जावेच्या नावाने लिहिलेलं. सही केली की नोकरी गेलीच म्हणून समजा.

"जाऊ द्या ना ताई, करते सही. कशाला वाद?" जाऊ म्हणाली. हिला देवाने जीभ दिली ती फक्त जेवायला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या हातातलं पेन मी काढून घेतलं.

"साहेब, ही गाडी डॉक्टरांचा पांढरा कोट दिसला की दहा पावलं आधी थांबते. आमच्या निळ्या कोटांसाठी का नाही थांबत?"

"बाई, यंत्राला काय कळतंय कोटातलं?"

गाडीची देखभाल करणारी इंजिनिअर पोरगी कोपऱ्यात उभी होती. ती हळूच बोलली, "कळतं, सर. पांढरे कोट कधी बाजूला होत नाहीत. निळे नेहमी होतात. आठ महिने तिने हेच पाहिलं. त्यामुळे निळा दिसला की तो सरकेल असं धरून ती वेग कमीच करत नाही."

म्हणजे आम्ही माणुसकीने वाट द्यायची आणि तिने तो हक्क समजायचा! मी माझा निळा कोट उतरवला आणि साहेबांपुढे धरला.

"घाला. आणि चाला बोळातून. निष्काळजीपणा कुणाचा ते कळेल."

बोळात नर्सा जमल्या होत्या, त्यामुळे साहेबांना नाही म्हणता येईना. माझ्या कोटाच्या बाह्या त्यांच्या कोपरापर्यंतच आल्या. ते ताठ मानेने निघाले. समोरून गाडी आली. पाच पावलं राहिली, तीन राहिली, वेग तोच. साहेबांनी जी उडी मारली, ती थेट माझ्या ढकलगाडीतल्या चादरींवर! पोरीने हातातलं लाल बटण दाबलं तेव्हा कुठे गाडी थांबली, ती साहेब होते त्याच जागेवर.

"दुरुस्त करून घेऊ," साहेब कागदाची घडी घालत पुटपुटले.

"घडी नको. फाडा."

त्यांनी तो फाडला.

गाडीची जुनी शिकवण मोडायची तर आठवडाभर निळ्या कोटांनी वाट द्यायची नाही, असं पोरीने सांगितलं. तोवर ती गाडीचा वेग कमी ठेवणार होती आणि बटण हातात ठेवून मागे राहणार होती. पहिल्या दिवशी जाऊ प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून माझ्यासोबत आली आणि दोनदा आपसूक भिंतीला चिकटली.

"अगं, सवय गाडीची मोडायची की तुझी?" मी खेकसले.

तिसऱ्यांदा ती डोळे घट्ट मिटून उभी राहिली. गाडी हातभर अंतरावर थांबली. जावेने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

पुढच्या वळणावर साहेब दिसले. कानाला फोन, नजर जमिनीकडे, नेहमीसारखे बोळाच्या मधोमध सरळ आमच्या अंगावर येत होते. माझे हात आपोआप वळले आणि ढकलगाडी भिंतीकडे जाऊ लागली.

जावेने चांगल्या हाताने ती पकडली.

"ताई, सरळ चला."

मी सरळ चालले. साहेबांनी मान वर केली, घुटमळले, आमच्या दोघींकडे पाहिलं. आम्ही काही थांबलो नाही. शेवटी तेच भिंतीला टेकले आणि आम्ही पुढे गेलो.