लताबाईंचं मधलं वाक्य

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपली आहे आणि गळ्यातला वाहिनीच्या नावाचा चौकोनी ठोकळा कधीच निघून गेला आहे. तरी ओळखलंत ना? मी बातमीदाराच्या हातातला माईक. अकरा वर्षं नाशिकच्या एका स्थानिक वाहिनीत नोकरी केली. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की खोक्यातून बाहेर काढल्यावर कुणीतरी माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणालं, "वा, काय स्वच्छ आवाज घेतो!"

त्या कौतुकावर मी फार वर्षं जगलो. पुढाऱ्यांची भाषणं, कुंभमेळ्याच्या बैठका, महापालिकेतली भांडणं, सगळं मी ऐकलं. मला वाटायचं, मी ऐकलेलं सगळं लोकांपर्यंत जातं. मी ऐकू शकतो, पण जपून ठेवू शकत नाही. ते काम कॅमेऱ्यातल्या कार्डाचं. आणि त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, हे ठरवणारी खोली वेगळीच. हे मला उशिरा कळलं. ते कळल्यापासून मला चैन नाही.

शेवटची चार वर्षं मी चैताली नावाच्या बातमीदार मुलीच्या हातात होतो. चैताली बोलायची कमी, ऐकायची जास्त. एके दिवशी संपादकांनी तिला सांगितलं, "आरोग्य विम्यावर आठवडाभर चर्चा घ्यायची आहे. विम्याचा दावा नाकारला गेलेलं एखादं माणूस शोध."

असं माणूस एका खासगी रुग्णालयाच्या जिन्याखाली बसलेलं सापडलं. लताबाई. लासलगावच्या बाजारात कांदा निवडणारी बाई. नवरा सावळीराम तिथेच गोणी उचलायचा. त्याच्या हृदयाची एक झडप बिघडली होती आणि शस्त्रक्रिया लवकर करायला हवी होती. तीन वर्षं विम्याचे हप्ते भरले होते. आता कंपनी म्हणत होती, की तुम्ही आधीचा आजार लपवलात, आम्ही खर्च देणार नाही.

आमचा कॅमेरामन राज याने कॅमेरा लावला. चैतालीने मला लताबाईंच्या तोंडाशी धरलं.

"मावशी, आजार लपवला होता का?"

लताबाईंनी पदर नीट केला. "ताई, फॉर्म भरायला एजंट सुनीलभाऊ घरी आले, तवा मी सांगितलं, यांना बीपीची गोळी चालू हाय. ते म्हनले, बीपी तर घरोघरी हाय, ते लिहायची गरज नाय. मी म्हनलं, भाऊ, लिहा. उद्या आमच्यावर यायचं. पण त्यांनी नाय लिहिलं. मला फॉर्म वाचता येत नाय. त्यांनी बोट ठेवलं तिथं मी सही केली."

किती सरळ बोलली बाई! मी एकेक शब्द उचलला. जिन्यावर चपलांचा आवाज होता, शेजारी कुणी खोकत होतं, पण तिचा आवाज मी त्या सगळ्यातून वेगळा काढला.

संध्याकाळी कार्यालयाच्या टेबलावर पडल्या पडल्या मी समोरच्या पडद्यावर ती बातमी ऐकली. लताबाई म्हणत होत्या, "यांना बीपीची गोळी चालू हाय. ते लिहायची गरज नाय. मी सही केली."

बस्स. एवढंच.

खाली लाल पट्टी होती, 'लबाडांचा भार प्रामाणिक ग्राहकांनी का उचलायचा?' चार चौकटींत चार माणसं ओरडत होती. एक जण म्हणाला, "बघा, स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय!" आणि मध्येच त्याच विमा कंपनीची जाहिरात लागली. हसरं कुटुंब, हिरवळ, छत्री.

चैताली तरातरा संपादकांच्या खोलीत गेली. मी तिच्या हातातच होतो.

"सर, मधलं वाक्य कुठे गेलं? 'भाऊ, लिहा' असं ती म्हणाली होती."

"अगं, दीड मिनिटाची बातमी. सगळं कसं मावणार?"

"अर्थच उलटा झालाय."

"एक तरी शब्द आपण बदलला का? सगळे तिचेच शब्द आहेत," संपादक म्हणाले आणि फोन उचलला.

मित्रांनो, खोटं बोलायला खोटे शब्द लागतातच असं नाही. खऱ्या शब्दांमधलं एखादं वाक्य काढून घेतलं तरी पुरतं.

दुसऱ्या दिवशी चैताली धावत रुग्णालयात गेली. तिथे आणखी एक गोंधळ होऊन बसला होता. आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या वाहिनीने लताबाईंना रडताना टिपलं होतं आणि पट्टी फिरवली होती, 'विमा कंपनीने घेतला हमालाचा बळी!' ती वाचून सावळीरामची बहीण चिमणाबाई कळवणहून पहिल्या एसटीने छाती बडवत आली. आत येऊन बघते तर भाऊ पलंगावर बसून भाताची पेज पितोय. ती दारातच मटकन खाली बसली.

एकाने बाईला लबाड केलं होतं. दुसऱ्याने तिचं कुंकू पुसलं होतं. तिचं म्हणणं दोघांनाही नको होतं.

सावळीरामने मात्र वॉर्डातल्या टीव्हीवर आमची बातमी पाहिली होती. त्याने पेजेची वाटी बाजूला ठेवली.

"मला घरी ने," तो बायकोला म्हणाला. "लबाड म्हनून कापून घ्यायचं नाय मला. बाजारात सगळ्यांनी बघितलं आसंल."

"तुमी गप ऱ्हावा," लताबाई म्हणाल्या. "लबाड मी ठरले, तुमी नाय." मग त्या चैतालीकडे वळल्या. रागावतील, मला भिरकावतील असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "ताई, तुमी तर समोर हुत्या. तुमाला बी ऐकू नाय आलं का?"

चैतालीने मला खाली घेतलं. ती तशीच राजला शोधायला निघाली.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेसाठी आठवड्याची मुदत दिली होती. त्यातले दोन दिवस गेले होते. चैतालीने राजकडून मूळ चित्रफीत मागून घेतली. राज कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तिच्या हातात ठेवत म्हणाला, "मी दिलं म्हणून सांगू नकोस. नाहीतर सांग. बघू काय होतं ते." मग तिने एजंटाचा पत्ता काढला. सुनीलने दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाला, "ताई, माझा परवाना जाईल. लहान पोरं आहेत मला."

"तुम्ही बातमी पाहिलीत?"

तो खिडकी लावू लागला. मग तो म्हणाला, "पाहिली."

चैताली परत फिरली. लताबाई मधे काय म्हणाल्या होत्या, हे तिच्याइतकंच त्या खिडकीमागच्या माणसालाही ठाऊक होतं. मला वाटलं, संपलं सगळं.

पण चौथ्या दिवशी सकाळी सुनील रुग्णालयात आला. दाढी वाढलेली, हातात एक घडी घातलेला कागद. सावळीरामच्या पलंगाशी उभा राहिला.

"वहिनी तीन दिवस टीव्हीवर तेच तेच बोलत होत्या," तो म्हणाला. "दर वेळी मधली जागा आली की मला ते ऐकू यायचं. 'भाऊ, लिहा.'"

कागदावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, की ग्राहकाने आजार सांगितला होता, मीच नोंदवला नाही. डॉक्टरीणबाईंनी झडपेच्या दोषाचा बीपीशी संबंध नसल्याचं पत्र दिलं. ती पत्रं आणि पूर्ण चित्रफीत घेऊन चैताली आणि लताबाई विमा कंपनीच्या शाखेत गेल्या. तिथल्या अधिकारी बाईंनी कानाला हेडफोन लावून लताबाईंचं ते बोलणं दोनदा ऐकलं. सहाव्या दिवशी मंजुरी आली. सातव्या दिवशी सावळीरामची शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला.

ही बातमी मात्र कुठेच लागली नाही. आमच्याकडे नाही, त्या दुसऱ्या वाहिनीवरही नाही. सुनीलचं काम गेलं. चैतालीने राजीनामा दिला. नवे बिनतारी माईक आल्यामुळे मला भंगाराच्या खोक्यात टाकलं होतं. त्यातून उचलून तिने मला पिशवीत घातलं.

महिन्याभराने आम्ही लासलगावला गेलो. लताबाई पुन्हा कांद्याच्या ढिगाशी बसल्या होत्या, पण त्यांच्या आजूबाजूची जागा रिकामी होती. "टीव्हीवर कबूल केलं हुतं ना हिनं," असं लोक अजून म्हणत होते.

"मावशी, पुन्हा एकदा कॅमेऱ्यासमोर बोलाल का?" चैतालीने विचारलं.

"नाय. कॅमेरा नको. तवा बोलले ते सगळं हितल्या लोकांनी ऐकावं."

दुपारी लिलाव थांबले होते. बाजाराच्या भोंग्याला चैतालीने मला जोडून घेतलं आणि मोबाईल माझ्यासमोर धरून ते सगळं बोलणं लावलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पूर्ण बोललो. पण ट्रॅक्टर घरघरत होते. काही जण ऐकत होते, काही चहाकडे निघाले होते.

संपल्यावर निवडणाऱ्या बायकांतली ललिता उठून उभी राहिली. "परत लावा वं ताई. मधलं नाय ऐकू आलं."

मित्रांनो, मला पुसून ठेवू नका, पेटीत जपू नका. माझी जाळी चेपलेली असली तरी चालेल. माझं मागणं एकच आहे. कुणाचं अर्धं बोलणं कानावर पडलं, तर ललितासारखं उभं राहून मधलं मागा.

चैतालीने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. सावळीराम छातीवर हात ठेवून पोत्यांच्या थप्पीला टेकला होता. रांगेतल्या पहिल्या ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. मग शेजारच्याने. मग त्याच्या मागच्या सहा-सात जणांनी. पार टोकाला एक तेवढा घरघरत राहिला. त्याच्याकडे ललिता हात हलवत धावली, आणि तोही थांबला.