दहा लाख नऊ

आठशे एकोणऐंशीतून आठशे एकोणऐंशी गेले, रेघेखाली शून्य. चिमटीतला खडू नखाएवढा उरलेला. श्यामलानं टाकाऊ फरशीवरचा भागाकार पुन्हा वरून खाली वाचला. दहा लाख नऊला दोनशे त्र्याण्णवनं पूर्ण भाग जात होता.

जायला नको होता. आण्णा — तिचे वडील, जन्मभर गणिताचे मास्तर — दर वर्षी नव्या वर्गाला सांगत : ही संख्या अविभाज्य, हजाराचा वर्ग अधिक तिनाचा वर्ग, दुसऱ्या कुठल्याच दोन वर्गांची बेरीज ही होत नाही, मी पाहिलंय. म्हणूनच विद्यार्थ्यांनी ठरवलं, शाळेतल्या स्मृतिशिळेवर नावाखाली हीच संख्या कोरायची. पाथरवट केरबाच्या आवारात ती सकाळीच अक्षरं तपासायला आली आणि वेळ जाईना म्हणून भागत बसली... सात, अकरा, तेरा... शंका म्हणून नव्हे. आण्णा गेल्यापासून हात रिकामे होते, एवढंच.

अवयव हाती आले तशी वर्गांची दुसरी जोडीही निघाली : नऊशे बहात्तर आणि दोनशे पस्तीस.

"तुझ्यात चिकाटी नाही," मॅट्रिकनंतर आण्णा म्हणाले होते, आणि तिनं कॉलेजात मराठी घेतलं. पुष्कळ वाचलं, वाद घातला नाही. उत्तर चुकलं तर चालेल, पडताळा घेतला नाही हे चालणार नाही, असंही तेच म्हणत... मग दोनशे त्र्याण्णवपाशी काय झालं, आण्णा? पेंगलात? की मीच मध्ये चहा घेऊन आले?

"ताई, मास्तरांचं नाव झालं बघा," केरबा म्हणाला. "आता खालचा आकडा घालू न्हवं?"

"थांबा जरा."

"मघाधरनं थांबलोय की! तुमचं गणित सुटणार कवा आन् मी जेवणार कवा? एकदा छन्नी बसली की पुसता येत न्हाय, म्हणून इचारतोय."

श्यामलानं फरशीवरचे आकडे पुन्हा पाहिले. हे आधी आण्णांना दाखवायला हवं — ते चष्मा कपाळावर सरकवतील, फरशीपाशी उकिडवे बसतील, आधी माझीच चूक शोधतील... दोनदा शोधतील, आणि मग खडूसाठी हात पुढे करतील. दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसं, सगळं तिनं कोरड्या डोळ्यांनी पार पाडलं होतं. आता मात्र राजारामपुरीतलं घर इथून किती लांब, फरशी टांग्यात घातली तर खडू पुसेल का, जेवणाआधी त्यांना गाठता येईल का, असं मन भराभर ठरवत चाललं होतं, आणि त्याला थांबवावं असं तिला वाटत नव्हतं.