कोऱ्यापासून

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तिचा सिंथेसायझर इथेच राहिला. तो उचलायला दोन माणसं लागतात आणि घरात मी एकटा. एकदा धूळ पुसताना कुठलंसं बटण दाबलं गेलं, कोपर पट्ट्यांवर पडलं आणि सगळं घर दणाणलं. घाबरून तिला फोन लावला. ती पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी आम्ही तासभर बोललो.

मग मला चटकच लागली. सिंथची नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. रोज संध्याकाळी मी एखादा आवाज बनवायला घ्यायचो, कधी बासरी, कधी जहाजाचा भोंगा, आणि अडलो की फोन. अडायला मला फारसा वेळ लागत नसे.

पण लेक पडली कामाची पक्की. तिला माझी कीव आली आणि ती वेळ वाचवायच्या युक्त्या शिकवायला लागली. "बाबा, दरवेळी कोऱ्यापासून कशाला सुरू करतोस? जवळपासचा तयार आवाज घे आणि त्यातच बदल कर." मग, "आधी फिल्टरचा नॉब फिरवून बघ, निम्मं काम तिथंच होतं." मग, "जमलं की लगेच सेव्ह कर, नावबिव नंतर." एकेक युक्ती कळत गेली आणि फोन आटत गेले. वाचलेल्या वेळाचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगेना. फ्रिज घरघरायचा आणि मी त्याच्याकडे बघत बसायचो. एकटं वाटतंय असं तिला सरळ सांगायला जीभ रेटत नव्हती.

काल चहाच्या किटलीची शिट्टी करायला घेतली. तिच्या युक्त्या इतक्या चोख, की कपातला चहा निवायच्या आत शिट्टी तयार! अगदी हुबेहूब. विचारण्यासारखं काही उरलंच नाही. स्वतःच्या हुशारीचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी शिट्टी पुसून टाकली आणि फोन लावला.

"अगं, घोळ झाला. केलेला आवाज पुसला गेला."

"कसा काय?"

"चुकून."

फोनमधून मागे तिच्या ऑफिसातली माणसं बोलत होती.

"बाबा, त्यावर चुकून काही पुसलं जात नाही. दोन बटणं एकदम धरून ठेवावी लागतात. मग तो 'नक्की?' असं विचारतो. मग 'हो' दाबावं लागतं."

चोरी पकडली गेली होती. कप्पाळ माझं!

"दाबलंस?" तिनं हळूच विचारलं.

"दाबलं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. माणसांचं बोलणं थांबलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली, "त्या सगळ्या युक्त्या विसर आता. कोऱ्यापासून सुरू करू."