कोरडे कपडे वाळत घालण्याबाबत

साहेब, माझ्या आईच्या पाठीला जखमा तुमच्यामुळे झाल्या. सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की फायलीखाली दाबायचं ते ठरवा.

परदेशी सुट्टीत झोकात कुठं राहावं, खरेदी कुठं करावी, हे सांगणाऱ्या एका गुळगुळीत मासिकात आमच्या गल्लीचा फोटो आला आणि तुमचं डोकं फिरलं. समोरच्या बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याचं हॉटेल झालं. भिंतींचा गिलावा मुद्दाम उखडलेला, पलंगाला खेटून अंघोळीचा टब. तिथल्या बारा खोल्यांच्या गाद्या मीच भरल्यात, म्हणून माहीत. खालच्या दुकानात एका फळीवर एकच पिशवी. माल संपला म्हणून नव्हे, तोच म्हणे थाट.

फोटोत आमच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी होती. हॉटेलातल्या पाहुण्यांना दोरी आवडली, तुम्हाला आमचे कपडे आवडले नाहीत. तुमच्या सुशोभीकरण खात्याचा माणूस खोकं घेऊन आला. आत आठ पांढऱ्या चादरी आणि निळे सदरे, कडक इस्त्रीचे.

"हे रोज सकाळी दोरीवर घालायचं, वहिनी."

"अहो भाऊ, हे तर कोरडंठाक आहे!" माझी बायको म्हणाली.

"ओलं नकोच. ओलं गळतं."

"मग वाळवायचं काय?"

"वाळवायचं नाही हो, दाखवायचं. घरचं धुणं आत."

आत म्हणजे आमच्या एका खोलीत, पंख्याखाली, आईच्या डोक्यावर. आई अंथरुणाला खिळलेली, दिवसाला तीन चादरी भिजतात. ऊन येतं ते फक्त गल्लीकडून. चादरी दमट राहू लागल्या आणि पंधरा दिवसांत तिची पाठ सोलवटली. न राहवून मी तिची एक चादर दोरीवर टाकली. तुमच्या माणसानं ती तासाभरातच ओढून नेली. "डाग दिसतात. समोर पाहुणे नाश्ता करतात."

ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाईंनी मलाच झापलं. "मलम नंतर. आधी कोरडं अंथरूण द्या. शिकलेली माणसं ना तुम्ही?"

घरात कोरड्या फक्त तुमच्या चादरी. बायकोनं एक काढली, आईखाली घातली.

"मऊ आहे गं," आई म्हणाली. "कुणाची?"

"सरकारी, आई."

"मग भिजवते बिनधास्त."

भिजली. धुतली. दोरीवर टाकली. खाली एका पाहुणीच्या टोपीवर पाणी टपकलं. तिनं वर पाहिलं, हसली, फोटो काढला आणि गेली. तिची तक्रार नाही. तक्रार तुमची: 'सजावटीच्या साहित्याचा खासगी वापर', तीन दिवसांत खुलासा करावा.

हा घ्या खुलासा. आठही चादरी वापरतोय. रोज धुतो, रोज उन्हात घालतो, परत देणार नाही. आईची पाठ सुकायला लागलीय. पुन्हा माणूस पाठवलात तर त्याला आधी तिच्या अंथरुणापाशी नेईन, पाठ दाखवीन, मग दोरीला हात लावू दे.

आता खुलासा तुम्ही करा. जिच्यावर कुणी झोपत नाही ती चादर उन्हात आणि माझी आई ओल्यात, हे कोणी ठरवलं? खात्याचं नाव नको, माणसाचं हवं. तीन दिवसांत. लेखी.