सरोजाच्या दहा गोळ्या

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या आवारातल्या दवाखान्यात मी डॉक्टर आहे. कंपनीच्या माणसांसाठी दवाखाना रोज उघडा असायचा. साफसफाई करणाऱ्या कंत्राटी बायकांना मात्र फक्त बुधवारी दुपारी एक तास. नियम माझा नव्हता, पण तो मला कधी खुपलाही नव्हता.

अशाच एका बुधवारी सरोजा आली. वय बेचाळीस. चार दिवस डोकं जड आहे म्हणाली. बीपी १७८/१०८. नर्स जननी माझ्या कानाशी पुटपुटली, "मॅडम, ही इरुळर आहे. तलावामागच्या आदिवासी वस्तीतली. हे लोक झाडपाला घेतात, गोळ्याबिळ्या नाही घेत."

माझं तमिळ कामचलाऊ. "मीठ कमी करायला सांग तिला," असं जननीला म्हणून मी दहा गोळ्या लिहून दिल्या. ही गोळी रोज घ्यायची, बहुधा जन्मभर, संपण्याआधी परत यायचं, यातलं काही मी सांगितलं नाही. सांगून उपयोग काय, असं मनात येऊन गेलं. दोन मिनिटांत ती बाहेर पडली.

दुसऱ्याच दिवशी गंधार आला. नागपूरचा इंजिनियर, बीपी १५०/९६. त्याच्याशी मी अर्धा तास बोलले, मराठीत. वडिलांना काय त्रास होता, झोप किती, लोणचं किती. रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, घरी बीपी कसं मोजायचं ते दाखवलं, पुढची तारीख दिली.

त्या तारखेला, एका सोमवारी, तो समोर बसलेला असताना सरोजा काचेच्या दाराशी उभी राहिली. हातात गोळ्यांची रिकामी पट्टी होती. मी खुर्चीतूनच म्हटलं, "बुधवारी या." तिने मान हलवली आणि गेली.

बुधवारी ती आली नाही. आलं माझ्या लक्षात, पण मी चौकशी केली नाही. पुढच्या आठवड्यात जननीकडूनच कळलं. मी परत पाठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी पहाटे, अर्धांगवायूने सरोजाची उजवी बाजू गेली होती. सरकारी इस्पितळात होती.

ती घरी आल्यावर मी वस्तीवर गेले. जननीला बरोबर नेलं नाही, का कोण जाणे. सरोजाची मुलगी कनका दारात होती, कॉलेजात शिकणारी. इंग्रजीत म्हणाली, "दहा दिवस अम्माने एकही गोळी चुकवली नाही. संपल्या म्हणून तुमच्याकडे परत आली होती. बुधवारी या असं कुणी सांगितलं?"

"मीच," मी म्हणाले.

नियमावर ढकलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. कनका दारातून बाजूला झाली.

नंतर मी व्यवस्थापनाशी भांडले. दवाखाना सगळ्यांना रोज उघडा झाला. एकोणचाळीस कंत्राटी कामगारांचं बीपी मोजलं, अकरा जणांचं वाढलेलं निघालं. त्यातल्या नऊ जणांचं आजवर कुणी मोजलंच नव्हतं. मला शाबासकीचं ईमेल आलं. ते मी वाचून बंद केलं.

सरोजाकडे दर रविवारी जाते. तिला आता काठीने चालता येतं. उजव्या हातात मात्र जोर आला नाही, काम सुटलं. मागच्या खेपेला बीपी १३४/८४ भरलं.

"छान आहे," मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाले.

"मग गोळ्या बंद?" तिने विचारलं. शब्द अजून जड येतात तिचे.

"नाही. रोज घ्यायच्या. कायम."

तिच्या आवाजात राग नव्हता.

"हे तेव्हाच सांगायचं होतं, डॉक्टरम्मा. मी घेतल्या असत्या."

मी तिच्या दंडाला गुंडाळलेला पट्टा सोडवला आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या मोजून कनकाच्या हातात दिल्या.