एकसष्ट शून्यं

एकसष्ट शून्यं! गीतांजलीनं लॅपटॉपवर तिसऱ्यांदा मोजली अन् कपाळाला हात लावला. संत्र्याची फळगळ मोजायला ही अकोल्याची पोरगी अमरावतीच्या कॉलेजातून वरूडला दहा खेपा एसटीत हादरत गेली होती. खुशालरावांच्या बागेत वीस झाडांना लाल फिती बांधल्या, दर खेपेला प्रत्येक झाडाखाली पडलेली फळं मोजली. दोनशे नोंदी झाल्या. कुठं सात, कुठं अकरा, कुठं चौदा, अन् मधेच भसकन शून्य.

असल्या मोजदादीसाठी पॉयसन नावाचं मॉडेल असतं. त्याच्या मते सरासरी नऊ फळं गळत असतील, तर शून्याचं झाड दिवा घेऊन शोधावं लागतं. इथं तर शून्यांची जत्रा! बिचारं मॉडेल तोंडावर आपटलं.

"शून्यं दोन जातींची असतात," तिच्या मार्गदर्शक रागिणी मॅडम म्हणाल्या. "एक, खरंच काही गळलं नाही. दुसरं, भलत्याच कारणानं आलेलं. दोन्हींना वेगळं धरणारं मॉडेल लाव."

लावलं. त्यानं ठणकावून सांगितलं, एकसष्टातली एकोणपन्नास भलत्या जातीची! उरलेली बारा खरी, मुळातच कमी गळणाऱ्या झाडांची.

"पण कारण?" मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत कारण आण, नाहीतर पुढच्या बहराला पुन्हा मोज."

म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. गीतांजलीनं रात्रीच पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी ती वरूडात हजर.

"काका, फवारणी बदलली? वांदरं येतात?"

"काईच नाई वो पोरी," खुशालराव म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी मैनाबाई चहा घेऊन आल्या. "काय हुडकून राहिली माय?"

"मावशी, काही झाडांखाली एकबी फळ नसते. काहून?"

मैनाबाईंचा चेहरा फुलला. "मी झाडून टाकतो ना! तू येनार म्हटलं का सकाळीच खराटा घेतो. पावनी येनार अन् झाडाखाली सडके संत्रे? लोक काय म्हनतीन!"

"मंग सगळीच काहून नाई झाडली?"

"कंबर कोन देईन? तुह्या लाल फितीचे पाच झाडं झाले का धरते. कदी इकडले पाच, कदी तिकडले."

दहा खेपा, पाच-पाच झाडं. पन्नास! मॉडेलनं अमरावतीत बसल्या बसल्या मैनाबाईंची कंबर एका झाडाच्या फरकानं ओळखली होती! गीतांजली किंचाळलीच. मैनाबाईंना धरून तिनं गरागरा फुगडी घातली, चहा सांडला, अन् खुशालराव म्हणाले, "पोरगी भैसाटली!"

मैनाबाई मात्र धास्तावल्या. "माह्यानं तुह्यं नुकसान झालं का वो?"

"वर्ष वाचलं माह्यं, मावशी!"

तिनं तिथूनच मॅडमना फोन लावला. ऐकून मॅडमना हसू आवरेना.

"पण मॅडम, प्रबंधात कारण म्हणून काय लिहू?"

"जे आहे तेच लिही. पाहुणचार."