लियांग सेनापतींची नोंद

"तुमच्या सीडीत माझ्या वडिलांना दगाबाज लिहिलंय," लियांगकाका दारातच म्हणाले. "पणती शाळेत वाचून आली. तेवढा एक शब्द काढता येईल का?"

शशिकांत अमेरिकेत, रेडमंडच्या एका छोट्या कंपनीत विश्वकोशाच्या सीडीचं टेस्टिंग करायचा. म्हणजे दिवसभर लिंका दाबायच्या आणि बरोबर पान उघडतंय का ते बघायचं. कुणाला काय म्हणायचं ते ठरवणारे वेगळेच. पण शेजारच्या सत्त्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला हे सांगणार कसं? त्यानं आत बोलावून चहा दिला.

काकांचे वडील, लियांग सेनापती, ऐंशीएक वर्षांपूर्वीच्या चीनमधले, मूळचे क्रांतिकारकांचेच साथी. दक्षिणेतला एक प्रांत त्यांच्या ताब्यात होता. त्यांचं म्हणणं, आधी आपला प्रांत नीट चालवू, शाळा काढू, रस्ते करू. बाकीचे प्रांत मग राजीखुशीनं येतील. क्रांतीचे पुढारी म्हणत, आधी फौज घेऊन उत्तरेवर चालून जायचं, देश एक करायचा, शाळाबिळा मग. झालं, बिनसलं. एके दिवशी सेनापतींनी पुढाऱ्यांच्या घरावरच तोफा डागल्या.

"तोफा वडिलांच्याच होत्या," काका म्हणाले. "पण शाळाही त्यांच्याच होत्या."

पुढे त्या पुढाऱ्यांना थोर मानणारे चीनवाले आणि तैवानवाले, ज्यांचं आपसात कशावरच पटत नाही, त्यांचं या माणसाला शिव्या घालण्यावर मात्र अगदी एकमत झालं.

शशिकांतला ते फार लागलं. त्याच्या गावी त्यांच्या घराला अजून फितुरांचं घर म्हणत. कुण्या खापरपणजोबानं गडाचा दरवाजा उघडला होता म्हणे. त्यापायी बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्यामुळे प्रतिमानं, त्याच्या बायकोनं, कितीही बजावलं की ग्रीन कार्डचं अजून लटकलंय, उगाच लष्कराच्या भाकऱ्या भाजू नका, तरी गडी ऐकेना.

टेस्टरला एकच विद्या येते. त्यानं बग टाकला, म्हणजे कंपनीच्या यादीत चूक नोंदवली: नोंद एकतर्फी आहे, 'दगाबाज' शब्दाचा फेरविचार व्हावा. मॅनेजरबाई "गुड कॅच" म्हणाल्या. स्वारी खूश! काम झालंच समजा, असं त्यानं काकांना सांगूनही टाकलं.

२००४ची नवी आवृत्ती निघाली त्या रविवारी काका सूट-टाय घालून, संत्री घेऊन आले. शशिकांतनं सीडी लावली. काकांनी एका बोटानं वडिलांचं नाव टाइप केलं. काही सापडलं नाही. आपलंच स्पेलिंग चुकलं असेल म्हणून त्यांनी ते पुसून पुन्हा टाइप केलं.

काय झालं ते शशिकांतच्या लक्षात आलं. सीडी बाजारात जायची घाई, त्यात वादाची नोंद तपासत कोण बसतंय! अख्खी नोंदच काढून टाकली होती आणि बग बंद केला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सीड्या दुकानांत पोचल्या होत्या, आता ब्रह्मदेव आला तरी काही व्हायचं नव्हतं. त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. त्यानं काकांना सगळं खरं सांगितलं आणि माफी मागितली.



"जुनी सीडी आहे तुझ्याकडे?" काकांनी विचारलं.

"आहे, पण काका, त्यात तो शब्द..."

"असू दे. नाव तर आहे."

शशिकांतनं कपाटातून ती शोधून दिली. काकांनी ती रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.